नवीन महाबळेश्वर आखणाऱ्यांना खुलं पत्र: माथ्यावरचा कच्चा रस्ता कच्चाच राहू द्या

प्रति,
नियोजन अधिकारी, नवीन महाबळेश्वर प्रकल्प,
महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ

प्रत माहितीसाठी: वन विभाग आणि सार्वजनिक बांधकाम विभाग, सातारा. आणि माझे सगळे सायकलवाले मित्रमैत्रिणी, त्यांच्यासाठी पण खाली चार ओळी आहेत.

सप्रेम नमस्कार,

मुद्द्याचं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला वेळ नाही मिळाला तरी चालेल. कास ते महाबळेश्वर माथ्यामाथ्यानं जाणारा जो जुना रस्ता आहे, आमच्याकडं सगळे ज्याला राजमार्ग म्हणतात, त्याचे जे तुकडे अजून मुरमाचे नि जांभ्याचे राहिलेत त्यांच्यावर डांबर टाकू नका, काँक्रीट तर अजिबातच नको, आणि तुमच्या आराखड्यात अशा रस्त्यांसाठी एक वेगळा प्रकारच लिहून ठेवा की हा रस्ता चालणाऱ्यांचा, गुराढोरांचा, बैलगाडीचा आणि सायकलींचा, तो कच्चाच ठेवायचा आणि दरवर्षी नीट राखायचा. मागणं एवढंच आहे. खाली लिहिलंय ते का आणि कसं.

मी साताऱ्याची, आता नोकरीमुळं पुण्यात असते, आजोळ जावळीत. इथं नवीन महाबळेश्वर नावाचं नवं गिरिस्थान उभं करायचं म्हणून २०१९ मध्ये सरकारनं तुम्हाला या भागाचं विशेष नियोजन प्राधिकरण, म्हणजे इथला आराखडा करणारी संस्था, नेमलं आणि आता सातारा, जावळी, पाटण धरून दोनशेहून जास्त गावांचा आराखडा तुमच्या हातात आहे. एवढा मोठा डोंगरी पट्टा एका नकाशावर आखायचा म्हटल्यावर मेन रोड, रिंग रोड, व्ह्यू पॉइंट, पार्किंग हे सगळं येणारच, त्याबद्दल बोलणारी माणसं पण भरपूर आहेत. पण नकाशावर बारीक तुटक रेघेनं दाखवलेल्या गाडीवाटांसाठी कोण हरकत घेणार? म्हणून हे पत्र.

आता लगेच कोणीतरी म्हणेल की आल्या पुण्याच्या मॅडम, स्वतः एसीत राहणार आणि गावाला रस्ता नको म्हणणार. थांबा. ज्या रस्त्यावर गाव आहे तो रस्ता आधी डांबरी करा, आणि चांगला करा, पहिल्या पावसात उखडणारा नको. कोयना धरण झालं, त्याचा शिवसागर जलाशय भरला तेव्हा या खोऱ्यातली किती गावं उठली हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, आणि जे मागं राहिले त्यांच्यातल्या घराघरातला एक तरी माणूस मुंबईला माथाडीत गेला. पलीकडच्या कांदाटी खोऱ्यात आजारी माणसाला लाँचमध्ये घालून अलीकडं आणावं लागतं हे ऐकत आम्ही मोठे झालो. तिथं जाऊन मी मातीच्या रस्त्याचं कौतुक सांगायला लागले तर लोक मला हाकलून देतील आणि बरोबरच करतील. दुधाची गाडी, एसटी, १०८ ची अँब्युलन्स, शाळेची पोरं, हे ज्याच्यावरनं जातं तो रस्ता पक्काच पाहिजे, यात वादच नाही. मी बोलतीये ते माथ्यावरच्या त्या तुकड्यांबद्दल ज्यांच्यावर कुठलंही गाव अवलंबून नाही, कारण गावांचे रस्ते खाली खोऱ्यातनं किंवा दुसऱ्या बाजूनं आलेत. हे दोन रस्ते तुमच्या कागदावर एकाच कॉलममध्ये पडतात, 'विकसित करावयाचे', आणि सगळी गडबड तिथं होते.

असल्या रस्त्यांवर आम्ही जी चालवतो ती ग्रॅव्हल सायकल म्हणजे काय ते पण सांगते कारण मिटिंगमध्ये कोणीतरी विचारणारच. रेसच्या सायकलीसारखं खाली वळलेलं हँडल, डिस्क ब्रेक, पण टायर रुंद, साधारण ४० ते ४५ मिलिमीटर, आणि बहुतेकांचे ट्यूबलेस, आत सीलंटचा चिकट द्रव असतो, त्यामुळं काटा घुसला तरी भोक आपोआप बुजतं. डांबरी रस्त्यावर बरी पळते, मुरमावर आणि खडीवर पण चालते, फक्त मोठ्या धोंड्यांतनं उड्या मारत जायला ती नाही. हवा कमी भरायची, गियर एकदम हलका ठेवायचा आणि चढावर जीभ बाहेर काढून हळूहळू चढत राहायचं, झालं. आणि हो, महागडीच सायकल लागते असं काही नाही, बामणोलीकडची पोरं साध्या एमटीबीवर, म्हणजे डोंगरातल्या जाड टायरच्या सायकलीवर, आमच्या पुढनं हात दाखवत निघून जातात.

लोक हे का करतात? कारण डांबरी घाटात आता सायकल चालवणं म्हणजे कानाशी हॉर्न आणि कोपराशी आरसा. रुंदीकरण झालं की वेग वाढतो आणि कडेनं जाणाऱ्याला कोणी मोजत नाही. कच्च्या रस्त्यावर गाडीवाला मुळात येतच नाही, आलाच तर वीसच्या वर जात नाही.

आता तो रस्ता. साताऱ्यातनं यवतेश्वरचा घाट चढून पंचवीसेक किलोमीटरवर कास, उंची साधारण १२०० मीटर. तिथनं महाबळेश्वरच्या दिशेनं राजमार्ग सुटतो. सुरुवातीलाच कुमुदिनीचं तळं लागतं, पांढऱ्या फुलांनी भरलेलं, सीझनला लोक तिथपर्यंत चालत येतात आणि परत फिरतात, आणि खरा रस्ता त्याच्या पुढं सुरू होतो. कोळघर, सह्याद्रीनगर, गाळदेव करत करत माचुतरला बाहेर पडायचं. पस्तीस-चाळीस किलोमीटर, आणि जवळजवळ सगळा प्रवास कोयना आणि वेण्णा या दोन नद्यांच्या मधल्या डोंगराच्या माथ्यावरनं. डाव्या हाताला खाली शिवसागरचं पाणी आत आत घुसलेलं दिसतं आणि त्याच्या मागं वासोट्याकडचं दाट रान, उजव्या हाताला मेढा, कण्हेर धरण, शेतं. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या सपाट माथ्यावर, झाड नाही, दगड नुसता तापतो, आणि मग एकदम रस्ता रानात शिरतो, जांभूळ, अंजनी, कारवी, आणि असा गारवा येतो की घामेजलेल्या पाठीवर काटा येतो. पुन्हा सडा, पुन्हा रान. मधे कुठं डांबराचा तुकडा आहे, कुठं कधीकाळी टाकलेली खडी उखडून नुसती मोकळी पडलीये, त्यात पुढचं चाक वेडंवाकडं होतं, आणि कुठं लाल मुरूम असा बसलाय की वाटतं हे कोणीतरी सायकलसाठीच केलंय. मोकळ्या खडीला माझा विरोध आहे बरं का, कच्चा ठेवा म्हणजे सोडून द्या असं मी म्हणत नाहीये.

याचा गोल पण होतो. साताऱ्याहून कास, तिथनं उतरून बामणोली, तिथं लाँचवाल्या दादांना विनवलं की सायकली पुढं आडव्या टाकून तापोळ्याला सोडतात, तापोळ्याहून महाबळेश्वरचा लांबच लांब चढ, तो डांबरी आहे आणि असू दे, महाबळेश्वरला मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी राजमार्गानं परत कास. दोन दिवसांत तलाव, धरण, रान, सडा, घाट. असा मार्ग महाराष्ट्रात दुसरा दाखवा मला. कोल्हापूरवाले राधानगरी म्हणतील, म्हणू देत.

दुसरा पट्टा दक्षिणेला. सज्जनगड, ठोसेघर करून चाळकेवाडीला वर आलं की पवनचक्क्यांचं पठार, तिथनं वनकुसवडे, सडावाघापूर, आणि खाली पाटण. प्रत्येक पवनचक्कीपर्यंत रस्ता करावाच लागला होता, आणि तो लांब पाती आणि मोठ्या क्रेनसाठी असल्यामुळं रुंद आहे, वळणं सैल आहेत, चढ सौम्य आहेत. म्हणजे ग्रॅव्हलचं तयार जाळं तुम्हाला फुकटात मिळालंय. एक रुपया खर्च न करता नुसत्या पाट्या लावल्या तरी लोक येतील. वाऱ्याचं मात्र सांगते, पावसाळ्यात तिथं सायकलवर बसवत नाही, सडावाघापूरला धबधब्याचं पाणी उलटं वर उडतं ते उगाच नाही.

आता डांबर टाकलं तर काय होईल. कासचं उदाहरण तुमच्या डोळ्यासमोर आहे. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत गेली, त्यात महाराष्ट्रातली चार, कास, कोयना, चांदोली, राधानगरी. नाव झालं, आणि सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी यवतेश्वर घाटात गाडीला गाडी लागायला लागली. फुलं वाचवायला पठाराला तारेचं कुंपण घातलं, मग कळलं की गुरं चरायची थांबली की गवत माजतं आणि फुलांनाच त्रास होतो, मग कुंपण काढलं. महाबळेश्वर-पाचगणीचा पट्टा २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, तरी नाताळात वेण्णा लेकपाशी काय अवस्था असते ते बघून या. माझं म्हणणं सरळ आहे, राजमार्ग गुळगुळीत केला की तो कास आणि महाबळेश्वर या दोन गर्दीच्या ठिकाणांमधला शॉर्टकट होणार, आणि दोन्हीकडची गर्दी मधल्या शांत माथ्यावर ओतली जाणार. गर्दीमागनं टपऱ्या, टपऱ्यांमागनं प्लॉटिंगच्या पाट्या, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणीतरी फेकलेल्या सिगरेटचा वणवा. वणवे आजही लागतात, पण आज तिथं पोचणारी माणसं मोजकी आहेत.

दुसरं म्हणजे पाणी. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जुलै २०२१ मध्ये एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला होता. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला. ते रस्त्यामुळं झालं असं मी म्हणत नाही, तो पाऊसच तसा होता. पण हाच डोंगर आहे आणि हीच माती, आणि आपल्याकडं घाटरस्ता रुंद करायचा म्हणजे जेसीबीनं वरची बाजू उभी तासायची आणि निघालेली माती खालच्या बाजूला दरीत ढकलायची, हे कोणी नाकारेल का? गरज असेल तिथं ती जोखीम घ्या. पर्यटकांची अर्ध्या तासाची बचत ही गरज नाही.

परदेशातलं एक उदाहरण देते, कारण मिटिंगमध्ये ते लागतंच. इटलीत टस्कनीमध्ये सिएनाच्या आसपास पांढऱ्या मातीच्या कच्च्या रस्त्यांचं मोठं जाळं आहे. एकेक करून त्यांच्यावर डांबर पडायला लागलं तेव्हा जान्कार्लो ब्रोच्ची नावाच्या माणसानं १९९७ मध्ये गायोले नावाच्या छोट्या गावातनं जुन्या सायकली घेऊन एक राईड काढली, लेरोइका, पहिल्या वर्षी ९२ जण होते. हेतू उघड होता, हे रस्ते वाचवायचे. मग लोक हजारोंनी यायला लागले, २०९ किलोमीटरचा मार्ग कायमच्या पाट्या लावून आखला गेला, आणि २००७ पासून त्याच मातीवरनं मोठ्या व्यावसायिक सायकलपटूंची शर्यत होते, स्त्रादे ब्यांके, जगभर टीव्हीवर दिसते. धूळ उडतीये, पाऊस आला तर सगळे चिखलानं माखलेत, आणि ते बघायला लोक विमानानं येतात! तिकडं अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरिया या छोट्या गावात २००६ मध्ये ३४ जणांनी कच्च्या रस्त्यावरनं दोनशे मैलांची राईड केली, आज तिथं हजारो येतात आणि गावातली लॉज भरून जातात. तिथं डोंगर पण नाहीत, नुसती गवताळ टेकाडं. आपल्याकडं तर सह्याद्री आहे.

आता कच्चा रस्ता राखायचा कसा. हे तुमच्या इंजिनिअर लोकांना मी काय सांगणार, पण सायकलवरनं जे दिसतं ते त्यांना गाडीतनं दिसत नसेल म्हणून लिहिते. मुरमाचा रस्ता चाकानं कमी आणि पाण्यानं जास्त खराब होतो. मधे उंच, दोन्ही कडांना उतार, कडेला चर, आणि दर थोड्या अंतरावर पाणी आरपार काढायला मोरी, एवढं असलं की तो वर्षानुवर्षं टिकतो. सध्या होतं काय की चर मातीनं बुजलेत, मोऱ्यांच्या तोंडाशी पालापाचोळा अडकलाय, आणि पाणी रस्त्याच्याच मधनं ओढा करून वाहतं. जून लागायच्या आत चर आणि मोऱ्या साफ, पाऊस संपला की जिथं वाहून गेलाय तिथं मुरूम टाकून पाणी मारून रोलर, हे काम गावातलीच माणसं रोजगार हमीवर करू शकतात. पाणंद रस्त्यांसाठी सरकारची योजना आहेच, मग माथ्यावरच्या गाडीवाटेला कोणी हात का लावत नाही? जिथं चढ फारच उभा आहे आणि मुरूम थांबतच नाही तिथं दगडी सोलिंग करा, म्हणजे दगड एकाला एक लावून बसवा, आपल्याकडं जांभा आणि काळा दगड दोन्ही आहेत, आणि जुन्या वाटांवर असलं काम अजून शाबूत आहे. सायकल हादरते त्यावर, हादरू दे.

दोन्ही टोकांना आडवा दांडा. स्थानिकांची वाहनं, वनखात्याची गाडी, आणीबाणीला अँब्युलन्स, यांच्यासाठी कुलूप उघडायचं, बाकी चारचाकी बंद. बाजूनं माणूस आणि सायकल जाईल एवढी फट. स्कॉटलंडच्या डोंगरातल्या जंगलरस्त्यांवर अगदी हेच करतात, मोठं फाटक बंद आणि बाजूला छोटं फाटक उघडं, तिथं तर २००३ च्या कायद्यानं सायकलवाल्याला तो हक्कच दिलाय. आपल्याकडं एवढं मोकळं नको, कारण आपल्याकडं गवे आहेत, अस्वलं आहेत, बिबट्या आहे. सकाळी उजाडल्यावर सोडा, सूर्य मावळायच्या आत बाहेर, वनखात्याच्या नाक्यावर नाव लिहून चिठ्ठी घ्या, आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरमध्ये, म्हणजे आतल्या राखीव भागात, सायकल नाहीच. जून ते सप्टेंबर हे मार्ग बंदच ठेवले तरी माझी हरकत नाही, शेवाळलेल्या जांभ्यावर ब्रेक लागत नाही आणि जळवांचं तर बोलायलाच नको. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं. मार्चनंतर ऊन लागतं, पण करवंदं असतात.

पाण्याचं एक बघा. माथ्यावर डिसेंबरनंतर प्यायचं पाणी मिळत नाही. मधल्या गावांत बचत गटाला सांगितलं तर पाणी, चहा, नाचणीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, एवढ्यावर आमच्यासारखे लोक खूश असतात. राहायला कोणाच्या तरी घरची पडवी, स्वच्छ संडास, सायकल आत ठेवायला जागा. रिसॉर्ट नको. कारमधला माणूस महाबळेश्वरला जाऊनच पाकीट उघडतो, सायकलवाल्याला दर दोन तासाला भूक लागते, आणि तो जिथं असेल तिथंच खातो, त्याला पर्यायच नसतो. गावाच्या फायद्याचा हिशेब मांडायचा तर तो असा मांडा.

आता सायकलवाल्यांनो, तुमच्यासाठी. दहा जणांच्या राईडमागं चार-चार एसयूव्ही बॅकअप म्हणून आणायच्या आणि मुरमाच्या रस्त्यावर त्यांचीच धूळ खात चालवायचं, हा काय प्रकार आहे? एनर्जी जेलची पाकिटं खिशातनं 'पडतात' म्हणे. ज्यांच्या खिशातनं एवढं पडतं त्यांचा मोबाईल बरा पडत नाही. हँडलला स्पीकर लावून रानातनं जाणाऱ्यांशी मी आता बोलणंच सोडलंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोटोसाठी रस्ता सोडून सड्यावर सायकल घालू नका. तिथं जांभ्यावर मातीचा थर बोट-दोन बोटं असतो, त्यातच ती सगळी फुलं येतात, आणि ओल्या सड्यावर चाक फिरलं की ती खूण दुसऱ्या वर्षीपण तिथंच दिसते. आपण असं वागलो तर वनखातं दांड्याजवळची ती फट पण बंद करेल, आणि मग माझ्याकडं भांडायला तोंड नसेल.

तर साहेब, मॅडम, पुढचं काम तुमचं. एक, नकाशावर या भागातले सगळे कच्चे रस्ते आणि गाडीवाटा त्यांच्या आजच्या अवस्थेसकट दाखवा, कुठं डांबर, कुठं खडी, कुठं मुरूम. दोन, त्यातला कुठला कोणत्या गावाला लागतो ते त्या त्या ग्रामपंचायतीला विचारून ठरवा, आम्हाला विचारून नको. तीन, उरलेल्यांना तो वेगळा प्रकार द्या आणि त्यांच्या देखभालीसाठी दरवर्षीची रक्कम लिहा, कारण रस्ता करायला पैसे मिळतात आणि राखायला कोणी देत नाही. हा नकाशा मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात, गावच्या चावडीवर लागला पाहिजे. सर्व्हेसाठी माणसं कमी पडत असतील तर आम्ही साताऱ्या-पुण्याचे बरेच जण आहोत, जीपीएसवर सगळं रेकॉर्ड करून, दर किलोमीटरला फोटो काढून देऊ, पैसे नकोत.

कळावे,
आपली,
साताऱ्याची एक सायकलवाली

ता.क. रस्त्यात गुरं अडवायला किंवा पाणी काढायला लोखंडी जाळ्या बसवणार असाल तर त्याच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या बसवा. उभ्या बसवल्या की सायकलचं चाक बरोबर दोन पट्ट्यांच्या फटीत जातं आणि माणूस हँडलवरनं पुढं. असल्या जाळ्या शहरात भरपूर आहेत, तिथल्या ठेकेदाराला वर पाठवू नका.